नको म्हणजे नको

काका आग्रह करत नसत. मराठी घरात जन्मलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस आग्रह करत नाही म्हणजे काय, हे त्यांच्याकडे राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी मला कळलं.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, पाम स्प्रिंग्जच्या खालच्या अंगाला रिसॉर्टांची गावं एकमेकांना चिकटून पसरली आहेत. त्यांतल्या एका गावात मला हिवाळ्यापुरतं काम मिळालं होतं. एका मोठ्या हॉटेलच्या बुकिंगची जुनी सिस्टिम काढून नवी बसवायची होती. बायको आणि मुलगी टेक्सासात, प्लेनोच्या घरी. ओळखीतल्या ओळखीतून कळलं की तिथे एक मराठी गृहस्थ एकटेच असतात, मागची खोली भाड्याने देतात. "जरा तऱ्हेवाईक आहेत हं," सांगणारा म्हणाला होता, "पण माणूस सरळ आहे." सरळ म्हणजे किती सरळ, ते त्याने सांगितलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा काकांनी पिठलं टाकलं होतं. शेजारी ज्वारीच्या भाकऱ्या, फोडलेला कांदा.

"जेवणार?" त्यांनी विचारलं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पहिल्या नकोला कुणी नको समजत नाही. "नको काका, उगाच कशाला त्रास," मी म्हणालो आणि बॅग कोपऱ्यात सरकवून हात धुवायला कुठे जायचं ते बघू लागलो.

"बरं," काका म्हणाले. मग बसले आणि जेवले. अगदी निवांत. मी समोरच्या खुर्चीत. विमान वेळेवर होतं का, प्लेनोत गारा पडतात म्हणे, मुलगी कितवीत आहे, सगळं आस्थेने विचारत होते. शेवटची भाकरीही संपली. मी विमानातले शेंगदाणे खाऊन झोपलो.

सकाळी चहा देताना म्हणाले, "रात्री भूक लागली होती ना तुला?"

"हो."

"मग नको का म्हणालास?"

"तसं म्हणतात ना काका."

"कोण म्हणतात? इथे आपण दोघंच होतो."

काका मूळचे भुसावळचे, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेले. वाळवंटातल्या उन्हाचं त्यांना काही वाटत नसे. "हे आमच्या घरचंच ऊन आहे," म्हणत. नोकरी मात्र सगळी डेट्रॉइटच्या बाजूला, गाड्यांच्या कारखान्यात झाली. पुढे काकूंचे गुडघे थंडीने धरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले कोरड्या हवेत जा, म्हणून निवृत्त झाल्यावर दोघं इथे आले. काकूंना वाळवंट मानवलं. काही वर्षं त्या छान चालल्या-फिरल्या आणि मग भलत्याच आजाराने गेल्या. "ती होती तोवर या घरात दोन कायदे होते," काका सांगत. "मी विचारायचो एकदा आणि ती वाढायची तीनदा. लोकांचं भागायचं." त्या गेल्यावर एकच कायदा उरला.

काका घरी फार रांधत नसत. रोज सकाळी बाहेर खायचे, दुपारीही बहुतेक बाहेरच. पण कुठे खायचं, याचे त्यांचे नियम होते. आमच्या हॉटेलात तीन रेस्टॉरंटं होती. पाण्याचं कारंजं, गोल्फचं हिरवंगार मैदान, पांढरे टेबलक्लॉथ. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना तिथे घेऊन गेलो. वेटर आला, वाकून आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला, आज संध्याकाळी तुमची काळजी मी घेणार आहे. काकांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "का? मला काय झालंय?" त्यांनी इंग्रजीतून, अगदी प्रामाणिकपणे विचारलं. तो मुलगा गोंधळला. आम्ही तिथे जेवलो, पण परत कधी गेलो नाही.

"जेवण कसं भिंतीवर लिहिलेलं असावं," घरी येताना ते म्हणाले. "आपण उभ्या उभ्या वाचायचं, काय हवं ते सांगायचं, त्याने द्यायचं. मध्ये कुणी काळजी घेत नाही."

असल्या, भिंतीवर मेनू लिहिलेल्या जागा त्यांना सगळ्या ठाऊक होत्या. हिवाळ्यात कॅनडाकडून, मिशिगनकडून म्हातारी जोडपी थवे करून इथे उतरतात. त्यांना या जागा माहीत नसतात, कारण त्या गोल्फच्या मैदानांपासून लांब आहेत. टायरच्या दुकानामागे उभा असलेला टाकोचा ट्रक. कंबोडियन नवराबायकोचं डोनटचं दुकान. तिथे दुपारनंतर डोनट संपले की भाताची खिमटासारखी पेज मिळायची, पण ती मागावी लागायची, बोर्डावर नव्हती. ("हा एवढा एकच अपवाद," काका म्हणायचे.) हायवेच्या कडेला खजुराच्या बागेलगतची टपरी, जिथे दुधात खजूर घुसळून इतका घट्ट शेक देत की स्ट्रॉ त्यात उभी राहायची. आणि रोज सकाळचा डायनर. लाल रेक्झिनची स्टुलं, पलीकडे तवा, आणि ग्लोरिया नावाची, साठीला टेकलेली वाढपीण. काका तिला ग्लोरियाबाई म्हणत. ती ते आपलं पूर्ण नाव असल्यासारखं ऐकून घेई.

ग्लोरियाबाई रोज विचारायची, "उद्या येणार ना?" काका रोज म्हणायचे, "हो." ती तिथल्या सगळ्याच गिऱ्हाइकांना असं विचारत असणार, त्यात काही नव्हतं. पण काकांनी हो म्हटलं की ते यायचेच. एकदा फेब्रुवारीत त्यांना सडकून ताप भरला होता. मी म्हटलं, काका, पडून राहा, फोन करून सांगतो तिला. "काय सांगणार? मी हो म्हटलं ते चुकून म्हटलं?" मफलर गुंडाळून आले, मी गाडी चालवली. अर्धी वाटी सूप प्यायले आणि परत येऊन झोपले. निघताना ग्लोरियाबाईने तेच विचारलं. काकांनी खरोखर विचार केला. "नाही. उद्या नाही. परवा," ते म्हणाले. ती हसली नाही. तिने मान डोलावली.

लॉस एंजलिसच्या मराठी मंडळातले लोक थंडीत वीकेंडला यायचे. एकदा चार जोडपी आली होती. काका सगळ्यांना डायनरमध्ये घेऊन गेले.

"तुम्हाला काय?"

"काही नको हो काका, हेवी ब्रेकफास्ट झालाय. तुम्ही घ्या, आम्ही तुमच्यातलंच थोडं शेअर करू."

काकांनी स्वतःपुरतं मागवलं, माझ्यापुरतं मागवलं. मी आता शिकलेला होतो, मी दोन अंडी आणि बटाटे स्पष्ट सांगितले होते. प्लेटा आल्या. बाकीचे आठ जण पाणी पीत बसले. एका काकूंची नजर माझ्या कुरकुरीत बटाट्यांवरून हलेना. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, जरा चव बघू का हो?"

"चव बघायचीय की खायचंय?"

"म्हणजे... चव."

काकांनी बटाट्याचा एक तुकडा काट्याला लावून त्यांना दिला. एकच. परतताना त्यांच्या गाड्या पेट्रोल पंपावर थांबल्या आणि सगळ्यांनी चिप्सची पाकिटं घेतली, हे मला नंतर कळलं. मंडळात काकांचं नाव कंजूस म्हणून झालं. ते कंजूस नव्हते. मी एकदा सहज म्हणालो, काका, पुरणपोळी खावीशी वाटतेय. त्या शनिवारी ते सकाळपासून ओट्याशी उभे होते. चांगला गूळ मिळेना म्हणून त्यांनी पुरणात खजूर वाटून घातला होता. इतकी मऊ पोळी मी नंतर खाल्लेली नाही. फक्त मागावं लागायचं. मागितल्यावर हा माणूस काहीही करायला तयार असे.

मी विचारलं होतं त्यांना, हे असं कधीपासून.

"डेट्रॉइटला नवा होतो. गाड्या बनवायच्या कंपनीत नोकरी आणि स्वतःकडे गाडी नाही. एक दिवस बर्फाचं वादळ. साहेब म्हणाला, घरी सोडू का? मी म्हटलं, नको नको, जाईन मी. मनात हिशोब केला, आता तो परत विचारेल, मग आपण बसू. तो ओके म्हणाला आणि गेला." काकांनी दोन्ही कान चिमटीत धरून दाखवले. "हे दोन्ही गळून पडायचे बाकी होते. अर्ध्या वाटेपर्यंत त्याला मराठीत शिव्या दिल्या. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? मी नको म्हटलं, त्याने ऐकलं. इतकं नीट माझं तोवर कुणी ऐकलंच नव्हतं."

त्यांना 'बघू' हा शब्द खपत नसे. "बघू म्हणजे काय? डोळे आहेत, बघशीलच. येणार का ते सांग." मला ते सुरुवातीला जाचक वाटायचं आणि पुढे पुढे फार मोकळं वाटू लागलं. त्या घरात कुणाच्या मनात काय आहे ते ओळखावं लागत नव्हतं. बायकोला फोनवर मी हे गमतीने सांगायचो. खऱ्या बोलण्याचे मी तेव्हा किती कौतुकाने गोडवे गायचो, ते आठवून आता लाज वाटते.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. पुढचं बायकोलाही सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर तिला इथेच कळेल.

एप्रिलअखेर ऊन चढायला लागलं. थवे उत्तरेकडे गेले, रस्ते रिकामे झाले. तिथली छोटी खाण्याची ठिकाणं उन्हाळ्यात गाशा गुंडाळतात. दारावर 'ऑक्टोबरात भेटू' अशा पाट्या लागतात. खजुराच्या टपरीवर तशी पाटी लागली होती. माझं काम संपलं होतं. प्लेनोत, घरापासून वीस मिनिटांवर, मला कायमची नोकरी मिळाली होती. सही करून झाली होती. मी हे काकांना सांगितलेलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो होतो.

शेवटच्या सकाळी आम्ही डायनरच्या स्टुलांवर बसलो होतो. काकांनी कॉफीचा मग बाजूला सारला.

"अनघा मागे लागलीय," ते म्हणाले. अनघा त्यांची मुलगी, मिशिगनमध्ये नोव्हायला असते. "एकटे राहू नका म्हणते, इकडे या. चांगली आहे ती, जावईही चांगला आहे. पण तिथे मला दिवसभर विचारतात, काही हवंय का? नको म्हटलं तरी आणून ठेवतात. आणि चाळीस वर्षं बर्फ उपसला मी. आता पुरे." स्टूल माझ्याकडे वळवलं. "हिवाळ्यात घरात कुणी असेल तर ती गप्प बसेल. तू ऑक्टोबरात परत येणार का? खोली ठेवतो."

सोपं होतं. नाही म्हणायचं होतं. साऱ्या अमेरिकेत ज्याला तोंडावर नाही म्हणता येईल असा हा एकच मराठी माणूस होता. त्याला वाईट वाटलं असतं, त्याने बरं म्हटलं असतं, आणि अंडी खाल्ली असती. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यातला कोल्हापूरकर पुढे झाला.

"हो काका. येईन की."

"नक्की?"

कुठलीही गोष्ट दोनदा न विचारणाऱ्या माणसाने दोनदा विचारलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"नक्की."

निरोपाच्या वेळी माणसं बोलतात तसं मी बोललो होतो. या ना एकदा, येऊ की, भेटत राहू. ते ऐकणाऱ्यालाही कळतं आणि बोलणाऱ्यालाही. काकांनी तिथेच बसल्या बसल्या अनघाला फोन लावला. "सोबत मिळालीय," त्यांनी तिला सांगितलं. मी पॅनकेकवर पाक ओतत राहिलो.

उन्हाळ्यात त्यांचे फोन आले. मी म्हणायचो, बघतो काका, कामाचं काय होतंय. ते म्हणायचे, "बघतो नको. हो म्हणालास ना." मग मी फोन उचलणं कमी केलं. ऑक्टोबरात त्यांचा निरोप रेकॉर्ड झालेला होता. खोली झाडून ठेवलीय, एसीचा फिल्टर बदललाय, कधी येतोस ते कळव. आवाजात कुरकूर अजिबात नव्हती. विमान कितीचं आहे असं विचारावं, तसं विचारत होते. मी तो निरोप गाडीत ऐकला आणि पुसून टाकला.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर अनघाचा फोन आला. आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

"बाबा बाथरूममध्ये पडले. हिप फ्रॅक्चर आहे. सर्जरी झाली, ही इज ओके. पण रात्रभर तिथेच पडून होते. सकाळी डायनरला गेले नाहीत, म्हणून त्या वेट्रेसने पोलिसांना फोन केला. ती पोलिसांना म्हणाली म्हणे, हा माणूस येतो म्हणाला होता, म्हणजे काहीतरी झालंय."

मी काहीबाही विचारलं. ती उत्तरं देत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांना समरमध्येच घेऊन येणार होते. बट ही केप्ट सेइंग, कुणीतरी येणार आहे. ते तुम्हीच का?"

"माझे प्लॅन्स अचानक बदलले," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिलं निदान भिडेपोटी होतं.

वाळवंटातलं घर विकलं गेलं. काका नोव्हायला गेले. मी चौकशीचा फोन केला नाही. दिवाळीला सगळ्यांना जातो तो मेसेज त्यांना गेला, त्यांचं उत्तर आलं नाही. ते मेसेजना उत्तरं देत नसत, त्यात विचारलेलं काही नसतं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी डेट्रॉइटला जायचं निघालं. नोव्हाय तिथून जवळच. मी ते दुसऱ्यावर ढकलू शकलो असतो. नाही ढकललं. अनघाला फोन केला, ती म्हणाली, या ना, बाबांना छान वाटेल. तिने दार उघडलं. माझ्याकडे पाहायची तिची पद्धत साधी होती, थंड नव्हती. तिला मीटिंग होती. काका वॉकर धरून उभे होते, कोट घालून.

"भूक लागलीय," ते म्हणाले. "बाहेर चल."

वाळले होते. चालताना डावा पाय ओढत होते. एका स्ट्रिप मॉलमध्ये सूप-सँडविचची जागा होती. मेनू भिंतीवर, पण बसायला टेबलं. स्टुलावर आता त्यांना चढता येत नव्हतं. बाहेर पार्किंगमध्ये उपसलेल्या बर्फाचे मळके ढीग होते. काकांनी टोमॅटोचं सूप सांगितलं. मला काय हवंय ते मी सांगितलं. प्लेनोतल्या माझ्या मुलीबद्दल त्यांनी विचारलं, ती आता कॉलेजात जाते हे ऐकून खूश झाले.

सूप आलं. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला यायचं नव्हतंच. नोकरी आधीच घेतलेली होती. अनघालाही मी खोटं सांगितलं."

ते सूप ढवळत होते. ढवळणं थांबलं नाही.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा हो कसला होता ते. मी इतकाही अमेरिकन झालो नाहीये. अनघाला सांगायला मला कुणाचा तरी हो लागत होता. तू दिलास. एक उन्हाळा मिळाला मला त्यावर. उलट उपकारच झाले तुझे."

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलं, खोटं कशाला बोलू. ते घेऊन मी उठू शकलो असतो, त्यांना घरी सोडून विमान पकडू शकलो असतो, आणि हा लेख मला कधी लिहावा लागला नसता. पण काका माझ्याकडे बघत नव्हते. ते सुपाकडे बघत होते. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्यांची सवय होती, इतकी की लोक अवघडायचे. आणि उपकार हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. तो आमच्याकडचा शब्द होता.

ते मला वाढत होते. न मागता.

"काका," मी म्हणालो, "नको. मला खरं सांगा."

त्यांनी चमचा खाली ठेवला. आता माझ्याकडे पाहिलं.

"वाट पाहिली मी," ते म्हणाले. "तू हो म्हणाला होतास, म्हणून रोज पाहिली. पडलो त्या दिवशीपण."

त्यांनी चमचा परत उचलला. काचेबाहेर बर्फ उपसायची गाडी मागे-पुढे करत होती. आमच्या टेबलाची मुलगी, विशीची असेल, हसत हसत आली आणि सगळ्या टेबलांवर विचारतात तेच तिने विचारलं. सगळं ठीक आहे ना?

मी तोंड उघडलं होतं. काका माझ्याआधी बोलले.

"नाही," त्यांनी तिला सांगितलं. "पण सूप चांगलं आहे."